कादंबरीतल्या आईचं नाव

“प्रश्न मुलांनीच काढायचे? मग तुम्ही काय करणार, चहा पिणार?” मुख्याध्यापक सातिबाल्दी, सगळ्यांचे ‘अगाय’ म्हणजे सर, अकरावीच्या शेवटच्या बाकावर ऐसपैस बसत म्हणाले. मुलं खुदकन हसली.

वर्गाच्या बाई ताझागुल हसल्या नाहीत, असं नाही; ती हसलीच नाही. कादंबरी शिकवण्याची तिची नवी योजना आज पणाला लागली होती. छापील प्रश्न नाहीत, उत्तरं लिहून देणं नाही. महिनाभर वर्ग मुलांच्याच प्रश्नांवर चालायचा. आजचा तास फसला तर उद्यापासून पुन्हा जुनी प्रश्नावली, असं अगायनी बजावलं होतं. नारीन शहरातल्या या शाळेत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“पहिला प्रश्न कुणाचा?” तिने विचारलं.

अक्मारल उठली. “एजे,” तिने बाईंना हाक मारली, “नायक सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं घडाघडा म्हणतो. त्याच्या घोड्यालाही नाव आहे. त्याच्या आईचं नाव काय?”

सगळ्यांनी पानं चाळली. ताझागुलनेही चाळली. इतकी वर्षं ती ही कादंबरी शिकवत होती. आई प्रत्येक प्रकरणात होती. नान भाजत होती, मुलाची वाट पाहत होती. नाव मात्र कुठेच नव्हतं. या पोरीला हे दिसलं तरी कसं!

“हा काय प्रश्न झाला?” अगाय करवादले. “पुस्तकात उत्तरच नाही, तर गुण कशाला देणार? बापजादे ठाऊक असले की झालं. मला विचारा, सातही सांगतो.” आणि त्यांनी सांगितले, एका दमात.

“आणि अगाय, तुमच्या आजीचं नाव?” अक्मारलने अगदी आदराने विचारलं.

“ती तर… मी जन्मायच्या आधीच गेली.” अगाय अडखळले. आता हे भडकणार, असं ताझागुलला वाटलं. अगायनी खिशातून फोन काढला आणि गावी आईला लावला.

“अपा, तुझ्या सासूबाईंचं नाव काय होतं गं?”

अपाला कमी ऐकू येई, म्हणून ती ओरडूनच बोले. अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. “वेड लागलं का रे तुला? सुनेनं सासूचं नाव घ्यायचं असतं होय? जन्मात घेतलं नाही मी!”

“मुलं विचारतायत, अपा.”

मग म्हातारी जरा आवाज उतरवून म्हणाली, “उमसुनाय.”

ताझागुलचे डोळे भरून आले. कधीची मातीत गेलेली एक बाई वर्गात येऊन उभी राहिली आहे, असं तिला वाटलं.

अगाय उठले आणि पुढे येऊन मुलांमध्ये बसले. फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. “हं, ताझागुल,” ते म्हणाले, “पुढचा प्रश्न कुणाचा?”

एकही हात वर व्हायच्या आत फोनमधून आवाज आला. “आणि माझं नाव रे? ते नाही विचारत कुणी?”