एकटाच निर्दोष

“आदेलिनू फिगेरा, निर्दोष.”

न्यायाधीशांनी कागदावरून अडखळत वाचलं आणि वकील एव्हारिस्तू खुर्चीतून पडता पडता वाचले. आमच्या लिस्बनच्या राजकीय न्यायालयात निकाल आधी टाइप होतो, खटला मागाहून चालतो. त्यामुळे एव्हारिस्तूंनी आजवर एकही खटला जिंकला नव्हता. “मी वकील कसला? तुरुंगात जाणाऱ्यांच्या निरोप समारंभाचा वक्ता,” असं ते स्वतःच सांगत. आज मात्र त्यांची मान ताठ झाली. आपण एवढं छान बोललो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बुचाच्या कारखान्यातल्या तिघा कामगारांवर सरकारविरोधी पत्रकं वाटल्याचा आरोप होता. जासिंतू आणि व्हेनांसियू यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. आदेलिनू एकटा सुटला. जासिंतूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

प्रेक्षकांची बाकं नेहमीप्रमाणे साध्या वेशातल्या पोलिसांनी अडवली होती, घरच्यांना आत जागाच मिळू नये म्हणून. पहिल्या बाकावरचा इन्स्पेक्टर पुढे वाकला.

“अभिनंदन, वकीलसाहेब! याला सलग कितीतरी रात्री जागवला, पण पठ्ठ्यानं आम्हाला एक नाव सांगितलं नाही. आता जाऊ दे घरी. पुढचं याचे दोस्तच बघतील.”

एव्हारिस्तूंची मान होती तिथे खाली आली. हा त्यांचा विजय नव्हताच.

आदेलिनूचा चेहरा पांढराफटक पडला होता. “एकटा सुटलो म्हणजे फितूर मीच. गावात बायकोला कुणी दारात उभं करणार नाही. काहीतरी करा, साहेब!”

“हरायचंय होय? मग योग्य माणसाकडे आलास. त्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.” आणि ते त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले.

न्यायाधीश अजून कागद गोळा करत होते. आदेलिनू उठून ओरडला, “महाराज, निकाल पोलिसांनी लिहून दिलाय हे आम्हाला कळतं हो! पण निदान घरून एकदा वाचून तरी यायचं! फार अडखळता!”

पोलीस धावले. गुद्दे बसले. न्यायाधीश लालबुंद झाले आणि न्यायालयाच्या अपमानाबद्दल तिथल्या तिथे तीन वर्षं ठोकून मोकळे झाले. या वेळी ते अजिबात अडखळले नाहीत.

ओठ फुटलेल्या आदेलिनूला पोलिसांनी आरोपींच्या बाकावर ढकललं. जासिंतू सरकून बसला.

“ये,” तो म्हणाला. “किती उशीर केलास!”