शेंदराखालचा शिलालेख

"आमचं देऊळ चांभारांनी बांधलं, असं लिहिता?" देवस्थानच्या अध्यक्षांनी माझं इतिहासाचं पुस्तक माझ्याच टेबलावर आपटलं. मागे वीसेक जण उभे होते. "पुरावा दाखवा, नाहीतर पुस्तक मागे घ्या."

माझंही डोकं फिरलं. "तुम्ही दर शनिवारी ज्या दगडाला शेंदूर फासता, तो शिलालेख आहे. शेंदराचं कवच गळलं तेव्हा मी तो वाचलाय. पुजाऱ्यांनी फोटो काढू दिला नाही. शेंदूर खरवडा आणि स्वतःच वाचा."

अध्यक्ष माणसं घेऊन निघून गेले. मला वाटलं, मी जिंकले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला देवळात बोलावलं. दगडाच्या जागी गुळगुळीत फरशी होती. त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

"जीर्णोद्धार केला, मॅडम. आता दाखवा पुरावा."