व्हिनेगर आणि पाणी

डाव्या नळीत त्रेचाळीस माश्या होत्या. उजव्या नळीत सहा. मधल्या खोबणीत एक, मेलेली.

रुपाने पुन्हा मोजल्या. आकडा तोच आला. उजव्या नळीच्या टोकाला पातळ केलेल्या व्हिनेगरचा थेंब होता, डाव्या नळीच्या टोकाला साध्या पाण्याचा. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालणारी ही बारीक फळमाशी आंबूस वासामागे धावते. काल हर्षितच्या आणि अंजूच्या माश्या तशाच धावल्या होत्या. आज रुपाच्या माश्या सकाळपासून तिसऱ्यांदा पाण्याकडे गेल्या.

"उपास धरलाय वाटतं," हर्षित म्हणाला. "हिच्या खर्डीच्या माश्या. नुसत्या पाण्यावर खूश."

"तोंड आवर रे," रुपा म्हणाली.

भगीरथ सर खुर्चीतून उठून टेबलाशी आले. किन्हवलीबाहेरच्या या बंद पडलेल्या भातगिरणीत ते शहापूर-मुरबाडच्या पदवीधरांना माशीवरून मेंदूचा अभ्यास शिकवत. त्यांचा विषय कंपवात. "हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी पुष्कळांचा वास जातो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "म्हणून आपण वासापासून सुरुवात करायची." शुक्रवारी ते तिघांपैकी एकाचं नाव पुण्याच्या प्रयोगशाळेला कळवणार होते. कालपर्यंत ते नाव रुपाचं होतं. हे तिघांनाही माहीत होतं.

"बाटल्यांच्या चिठ्ठ्या कोणी बदलल्या?" सरांनी विचारलं.

रुपाने हर्षितकडे पाहिलं. गिरणीची किल्ली आज त्याच्याकडे होती. हर्षितने अंजूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" अंजू म्हणाली. "मी तर सगळ्यांच्या मागून आले."

"सकाळी दोन्ही बाटल्या मी भरून ठेवल्या," सर म्हणाले. "मग एकेकीचा वास घेऊन चिठ्ठ्या लावल्या."

त्यांनी बुचं काढली. एक बाटली नाकाशी धरली, मग दुसरी.

"हे व्हिनेगर. हे पाणी. चिठ्ठ्या बरोबर आहेत. म्हणजे थेंब टाकताना तू उलटं केलंस, आणि तीनदा तेच होऊनही कबूल केलं नाहीस. चुकलेलं चालतं गो. लपवलेलं नाय चालत." रागात सरांची धसईची बोली वर यायची. "बॅग भर."

रुपा हलली नाही. आत वास घेऊन उपयोग नव्हता. माश्यांचं खाणं सकाळीच पातेल्याला लागलं होतं, आणि करपलेल्या गुळाचा वास गिरणीभर कोंडला होता. दोन्ही बाटल्या घेऊन ती बाहेरच्या ओट्यावर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"सर, पाण्याची चिठ्ठी हाय त्या बाटलीत व्हिनेगर हाय."

"म्हणजे माझ्या नाकावर संशय?"

"नाय सर. आत करपट वासात कुणालाच कळायचं नाय. तुमी बाहेर येऊन बघा."

"कुठे करपलंय? निमित्तं शोधू नकोस."

हर्षित हसायला लागला आणि मध्येच थांबला. खाणं सरांनी स्वतः ढवळलं होतं.

"ठीक," सर म्हणाले. "माझं नाक एक सांगतं, हिचं दुसरं. मग नाकंच तपासू. आधी हिचं."

कपाटातली व्हिनेगरची सीलबंद बाटली अंजूने फोडली. दाराआड जाऊन तिने कागदाच्या बारा पट्ट्या केल्या. सहा व्हिनेगरात बुडवल्या, सहा नळाच्या पाण्यात, आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने खूण केली. रुपाला ओट्यावर बसवून सरांनी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

"ऐका," ते म्हणाले. "डोळे बांधून काहीही बोललं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. निम्मी म्हणजे नाक नाही, नुसता अंदाज. तसं झालं तर संध्याकाळची गाडी पकडायची."

रुपाची बाराही उत्तरं बरोबर आली.

सरांनी पट्ट्या उलटून पाहिल्या. "तुम्ही दोघींनी काही ठरवलं असेल."

"काय ठरवणार सर?" अंजू म्हणाली. "मी कालपासून हिच्याशी बोलतपण नाय."

"खरंय," रुपा रुमालाआडून म्हणाली. "साधं पाणी मागितलं तरी देत नाय."

"मग माझ्या पट्ट्या हर्षित करेल," सर म्हणाले. "नव्या. आणि दोघी माझ्यासमोर उभ्या राहा, तोंडातून आवाज नको."

रुमाल त्यांनी स्वतःच घट्ट बांधला. हर्षित दाराआडून बारा ओल्या पट्ट्या घेऊन आला आणि एकेक त्यांच्या हातात देऊ लागला. सर पट्टी नाकाशी धरत, एक लांब श्वास घेत आणि वर्गात सांगावं तसं ठामपणे सांगत. व्हिनेगर. पाणी. पाणी. व्हिनेगर. एकदाही ते अडखळले नाहीत. प्रत्येक उत्तरानंतर हर्षित पट्टी उलटून मागची खूण मुलींना दाखवत होता. पाचव्या पट्टीनंतर त्याने दाखवणं बंद केलं. अंजूने रुपाचं मनगट धरलं.

शेवटची पट्टी खाली ठेवून सरांनी रुमाल सोडला. उन्हाने डोळे बारीक करत त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"बोला. किती?"

हर्षितने पट्ट्या पुन्हा मोजल्या.

"हर्षित, आकडा सांग."

"बारापैकी सहा, सर."