मिटली अडचण

आयटी विभागासाठी हेल्पडेस्कचं नवं सॉफ्टवेअर निवडायचं होतं आणि शेवटचा शब्द शिरीष दिघेचा होता. या सॉफ्टवेअरनं विभागात आलेल्या जुन्या फोनची रेकॉर्डिंग ऐकून सगळ्यांचा लाडका आवाज स्वतःच उचलला होता. शिरीषनं फोन लावून चाचणीपुरती खोटीच तक्रार केली, "प्रिंटर चालत नाही."

"आधी घोटभर पाणी प्या बघू, मग प्रिंटरचं पाहू."

हेमांगी! त्याची बायको याच डेस्कवर फोन घ्यायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"अजून काही अडचण आहे का?" आवाजानं विचारलं.

शिरीषच्या तोंडून शब्द फुटेना. उत्तर आलं नाही, तर तक्रार मिटली असं समजायचं, हा नियम त्यानंच घालून दिलेला.

"बोलत नाही, म्हणजे मिटली हं अडचण," ती मायेनं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.