पुस्तक कुणी सुचवलं?

भूगोलाच्या बाईंनी कादंबरी मिटली आणि समोर बसलेल्या फादरकडे रोखून पाहिलं. फादर चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं. मनात काहीतरी असल्याशिवाय माणसाचं बिस्किट असं पडत नाही, असं बाईंना वाटलं. एरवी त्या इतक्या खुळ्या नव्हत्या. पण ही कादंबरी वाचल्यापासून त्यांना फादरच्या साध्या खोकण्यातही काहीतरी काळंबेरं दिसत होतं.

कॉलेजच्या वाचनगटाची बैठक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरली होती. हल्लीच्या कादंबऱ्या वाचायच्या आणि त्यात आपली श्रद्धा कुठे टिकते, कुठे ठेचकाळते ते बोलायचं, असा हा गट. सगळे कॅथलिक, त्यामुळे भांडणंही घरच्यासारखी. नियम एकच. पुस्तक कुणी सुचवलं ते चर्चा संपेपर्यंत फुटता कामा नये; शेवटी सुचवणाऱ्यानं हात वर करायचा. ते फक्त ग्रंथपालबाईंना ठाऊक असायचं. पूर्वी असं नव्हतं, तेव्हा फादरनी सुचवलेलं प्रत्येक पुस्तक सगळ्यांना हटकून आवडायचं.

या वेळच्या कादंबरीत एक मुलगी होती. तिचा बाप मरणाला टेकलेला. तो म्हणतो, शेवटच्या संस्काराला फादरना बोलाव. मुलगी म्हणते, बोलावलंय, येतीलच. पण ती बोलावत नाही. बाप तसाच जातो, आणि मुलगी आईला सांगते, फादर येऊन गेले.

हे बाईंचंच होतं, जवळजवळ जसंच्या तसं. बाबांनी बोलवायला सांगितलं असलं, तरी फादर खरंच दारात दिसले तर ते धीर सोडतील, म्हणून त्यांनी हॉस्पिटलमधून फोन केला नव्हता. उद्या करू, म्हणाल्या होत्या. उजाडायच्या आत बाबा गेले. आईला मात्र त्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, फादर येऊन गेले. त्या एका वाक्यावर आई इतकी वर्षं शांत होती.

ही गोष्ट बाईंनी आयुष्यात एकदाच तोंडाबाहेर काढली होती. गेल्याच महिन्यात, चर्चमध्ये, पापनिवेदनाच्या जाळीशी गुडघे टेकून. जाळीपलीकडे हेच फादर होते. आणि आता ही कादंबरी! शिवाय शेजारच्या खुर्चीत आई बसलेली, पुस्तकात बोट घालून, डोळे मिटून. तिला आज कळलं तर? या वयात तिला ते सोसवेल का?

बैठकीआधी त्यांनी फादरना जिन्यात गाठलं होतं.

"फादर, मी जाळीशी जे बोलले, ते पुस्तकातून माझ्या आईपुढे मांडताय का?"

फादरचा चेहरा पडला. "बाई, तिथे कोण काय बोललं, यावर मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

"म्हणजे हो!"

"म्हणजे काहीच नाही," असं म्हणून ते जिना चढून गेले होते.

पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीवर फादर अवाक्षर काढत नाहीत, जीव गेला तरी नाही, हे बाई लहानपणापासून शिकल्या होत्या. पण डोकं तापलं की शिकलेलं आठवत नाही. त्यांनी ठरवूनच टाकलं. शेवटी फादरचा हात वर गेला, तर थेट बिशपांकडे तक्रार.

"ती मुलगी ढोंगी आहे," साहित्याचे सर म्हणाले.

"ढोंगी कसली, घाबरट," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"फादर, आज तुम्ही गप्पसे?" सरांनी विचारलं.

"ऐकतोय," फादर म्हणाले.

ऐकण्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही, बाई मनातल्या मनात म्हणाल्या.

शेवटी ग्रंथपालबाईंनी टाळी वाजवली. "चला, सुचवणाऱ्यानं हात वर करा."

फादरचा हात उचलला गेला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. हात नाकापर्यंत गेला, चष्मा सारखा करून खाली आला. तेवढ्यात शेजारी स्वेटरची बाही सरकली. आईचा हात वर होता.

"तुम्ही, आजी?" सर चकित झाले.

"का? मला वाचता येतं," आई म्हणाली. सगळे हसले. बाईंना हसता आलं नाही. फादर कप गोळा करत होते, त्यांच्याकडे बघायची तर बाईंची हिंमतच झाली नाही. निष्पाप माणसाला आपण जिन्यात काय काय ऐकवलं, या विचाराने त्यांचे कान तापले.

खोली रिकामी होऊ लागली. आई स्वेटरची बटणं लावत हळूच बोलू लागली.

"त्या संध्याकाळी मी तुझ्या बाबांनाही विचारलं, फादर येऊन गेले ना? तर हो म्हणाले. मग मी त्यांचं तोंड पुसलं. फादर येऊन गेले की कपाळाला त्यांनी लावलेलं पवित्र तेल असतं. यांचं कपाळ कोरडं होतं."

"आई, म्हणजे इतकी वर्षं तुला..."

"जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस तुला सांभाळून घ्यायला खोटं बोलला. ते मी कसं उघडं पाडणार? तूच सांगशील म्हणून वाट बघितली. तू काही तोंड उघडेनास. मग शोधलं एक पुस्तक."

बाईंना रडू फुटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं रडू, आवरता आवरेना. आईने त्यांच्याच पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि उठण्यासाठी त्यांचा दंड धरला.

"माझ्या वेळेला मात्र खरंच बोलाव हं."