कोरडी फरशी

बाथरूमच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर वर, बुरशीचा कान फुटला होता. तळहाताएवढा, तपकिरी, कडेला पांढरट किनार. साधी अळंबी असती तर ओढल्यावर हातात आली असती. हा लाकडासारखा कडक होता आणि जागचा हलायला तयार नव्हता.

"बघ मिस्त्री," दाजी मेहुण्याला म्हणाले, "तुझ्या ताईने बाथरूममध्ये शेती सुरू केलीय."

छोट्या हसला. चाळिशी उलटली, सुतारकामाचं स्वतःचं दुकान झालं, हाताखाली चार माणसं आली, तरी या घरात तो छोट्याच होता. पिशवीतून पटाशी काढून तो चौकटीपाशी उकिडवा बसला. ताई फरशी पुसायचं फडकं हातात घेऊन मागे उभी होती.

"सागाला असलं काही होत नाही," दाजी म्हणाले. "घर बांधलं तेव्हा तो ओंडका मी स्वतः पारखून आणला होता, अख्खी वखार पालथी घालून. तूच सांग आता हिला. पाणी सांडू नकोस, सांडू नकोस, बोलून बोलून माझा घसा बसला. रोज फरशी पुसायला लावतो, तरी हे आपलं वाढतंच आहे."

"माझंच चुकतं," ताई म्हणाली. "हात पाण्यात आणि लक्ष भलतीकडे."

छोट्याने कानाच्या मुळाशी पटाशी टेकवली. ठोकावी लागलीच नाही. भिजलेल्या पावात जावं तसं पातं आत गेलं, कान निखळून खाली पडला, आणि गडद पॉलिशच्या पापुद्र्याखालून पांढरंफटक लाकूड दिसलं.

ही चौकट त्यानेच घडवली होती; दाजींच्या ओंडक्याचा गाभा मात्र भलत्याच गिऱ्हाइकाच्या दिंडीदरवाजात गेला होता. ताईच्या वाट्याला सालीलगतचं कच्चं लाकूड आलं, वर पॉलिशचे दोन जाड हात. बाथरूमची तर चौकट, कोण बघतंय, असं तेव्हा त्याने स्वतःलाच समजावलं होतं. आणि ताई? ती शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवत होती, माझ्या भावाच्या हातची म्हणून.

त्याचे कान तापले. मान वर करायची सोय राहिली नाही.

"काय निघालं?" दाजींनी मागून विचारलं.

खरं काय ते ओठांपर्यंत आलं होतं.

"ओल," तो म्हणाला. "ओल धरलीय."

"ऐकलंस?" दाजी ताईकडे वळले. "आता तर तुझा भाऊच सांगतोय. थांब, चष्मा आणतो. बघू दे मला माझा साग."

ते आतल्या खोलीत गेले. छोट्या तसाच बसून राहिला, नजर खाली. आणि खाली पाहत होता म्हणूनच त्याला फरशी दिसली. ठणठणीत कोरडी. फरशांमधल्या सांध्यांत शेवाळाचा ठिपका नाही, भरलेली बादली पार पलीकडच्या कोपऱ्यात, तिच्या काठाला मग अडकवलेला. इथे कुणी पाणी सांडत नव्हतं. कच्च्या लाकडाला भिंतीतली ओलसुद्धा पुरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"ताई," तो कुजबुजला, "हे लाकूड..."

"माहितीय मला," ती हळू आवाजात म्हणाली. "खालचं पॉलिश उडालं तेव्हाच दिसलं होतं. सरक जरा."

आतून कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. ताईने बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि चौकटीच्या त्या भोकावर सावकाश ओतलं. पांढरं लाकूड पाणी प्यायलं आणि बघता बघता काळपट झालं, अगदी बाकीच्या चौकटीच्या रंगाचं. उरलेलं पाणी ओघळून फरशीभर पसरलं.

दाजी चष्मा पुसत आले आणि दारातच थांबले.

"कमाल आहे बाई तुझी. तो दुरुस्त करतोय, आणि तू त्याच्यासमोरच?"

 फडकं घेऊन ताई खाली बसली आणि भावाच्या पायांभोवतीचं पाणी टिपू लागली.

"छोट्या," ती म्हणाली, "पाय उचल."

त्याने पाय उचलला.