अकरा महिन्यांचा बिघाड

गावच्या घरी, बाबांच्या संगणकावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कॅमेऱ्याच्या चित्रावर खाली वळलेला एक छोटा बाण होता. तो पाहून विनार्सिहचा माउसवरचा हात थांबला.

पिवळी खूण असेल तर बिघाड. बाण असेल तर कुणीतरी हातानं बंद केलेलं. हे तिला पाठ होतं. अकरा महिने, घरकामाच्या नोकरीतल्या दर रविवारच्या सुट्टीत, हाँगकाँगच्या पादचारी पुलावर इतर बायांसोबत पुठ्ठा अंथरून ती फोनवर बाबांना सांगत आली होती : ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका, वायर मागच्या बाजूला लावून बघा. पलीकडून कीबोर्डच्या कळा वाजायच्या. "केलं गं. तरी चित्र येत नाही," बाबा म्हणायचे.

तिनं 'सुरू करा'वर क्लिक केलं. बाण नाहीसा झाला. एवढंच होतं.

मागे आई जमिनीवर बसून उद्याच्या जेवणासाठी नारळ खवत होती. उद्या बाबांच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस.

"आई, कॅमेरा कुणी बंद केला होता?"

खवणी थांबली. "त्यांनीच. शेजारच्या तुरिमानकडून शिकून घेतलं."

"आणि मी सांगायचे ते?"

"वहीत लिहून घ्यायचे. आकडे घालून, नीट."

"करायचे नाहीत?"

"केलं असतं तर चाललं असतं ना, नार्सी. मग ते दिसले असते तुला. गाल बसलेले, औषधांनी डोक्यावर एक केस नाही."

"तुरिमानला माहीत होतं म्हणजे."

"अख्ख्या गल्लीला."

"आणि मला फोन त्यांना माती दिल्यावर."

"आधी सांगितलं असतं तर करार मोडून धावत आली असतीस. ते म्हणाले, पोरीचं एवढं वर्ष पुरं होऊ दे. बाहेर कामाला गेलेल्या पोरींच्या बाबतीत सगळेच असं करतात."

"मी सगळ्यांसारखीच आहे का तुला?"

आईनं नारळाची वाटी फिरवली. "तुझ्यासोबत तिथं काम करणाऱ्या सुमिनीची आई इथं गेली तेव्हा तू काय केलंस? तुला फोन करून सांगितलं होतं मी. तीन महिने तिला काही न सांगता तिच्याशेजारी बसून जेवलीस ना त्या पुलावर?"

विनार्सिह पुन्हा पडद्याकडे वळली. त्या तीन महिन्यांत सुमिनी आईसाठी घेतलेल्या चपला पिशवीतून काढून दाखवायची. मापाला बरोबर येतील ना, विचारायची. येतील, असं विनार्सिह म्हणायची.

तिनं कॅमेऱ्याची खिडकी उघडली. चित्र यायला थोडा वेळ लागला.

"परवा मी जाते," ती म्हणाली. "दर रविवारी इथं समोर बसायचं. मला तू दिसली पाहिजेस. नुसता आवाज चालणार नाही."

"बसेन की."

"कबूल?"

"हो म्हटलं ना! किती विचारशील?" गुडघ्यावर हात टेकत आई उठली.

पडद्यावर खोली उमटली. पुढे विनार्सिहचा चेहरा, मागे उभी असलेली आई. आईनंही ते पाहिलं. तिनं डोईवरचा रुमाल कपाळावर ओढला आणि कॅमेऱ्यासमोरून एक पाऊल बाजूला सरकली.

पडद्यावर विनार्सिहच्या मागे नुसती भिंत उरली.